गाडीखालचा कुत्रा

बैलगाडीच्या सावलींत चालणाऱ्या कुत्र्यास वाटत असतें कीं ही सारी गाडी आपणच ओढीत आहों, अशा अर्थाची एक म्हण आपल्याकडे फार दिवसांपासून रूढ आहे. फुकाची ऐट मिरविणाऱ्या माणसास टोला द्यावयाचा झाला म्हणजे आपण ती वापरतों आणि ऐकणारे हंसतात. मींहि ती आजवर किती वेळां वापरली असेल याची गणती नाहीं. परंतु म्हणी या बहुधा घरांत बसून रचलेल्या असतात. ज्याच्यावर त्या रचल्या त्याची बाजू ऐकून घेण्याची तसदी त्या घेत नाहींत. गाडीखालचा तो कुत्रा खरोखरच गर्वानें फुगलेला असतो काय, तो तेथें कां चालतो, आणि गाडी ज्यांची असते तीं माणसें त्याला बरोबर कां नेतात, हे प्रश्न उतारवयापर्यंत मला कधीं पडले नव्हते. ते ज्या प्रसंगानें पडले तो सांगून त्यांतून निघणाऱ्या एका नैतिक प्रश्नाचा विचार वाचकांसमोर ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

मी राहतों तें सेलू हें गांव परभणी जिल्ह्यांतलें. निजामी अमदानींत टाकलेल्या मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरचें हें एक स्टेशन. कापसाची बाजारपेठ म्हणून जुन्या काळापासून त्याला नांव आहे. गांवाजवळून दुधना वाहते. दसरा झाला, खरिपाचीं रानें मोकळीं होऊं लागलीं, म्हणजे आमच्या भागांतील रस्त्यांवर दरवर्षीं एक देखावा ठरलेला असतो. आमच्या जिल्ह्यांतील व शेजारच्या बीड-जालना जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबें ऊंसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांतील आणि कर्नाटकांतील साखर-कारखान्यांकडे निघतात. नवरा आणि बायको मिळून ‘एक कोयता’ असा त्यांचा हिशेब. त्या कोयत्यावर मुकादमानें आगाऊ रक्कम दिलेली असते; तिला ‘उचल’ म्हणतात, आणि ती फिटेपर्यंत फड सोडतां येत नाहीं. पूर्वीं हीं बिऱ्हाडें बैलगाड्यांतून निघत; आतां पुष्कळशीं ट्रकांतून किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलींतून जातात. पत्रे, बांबू, भांडीं, ज्वारीचीं पोतीं, कोंबड्या, पोरें आणि या सर्वांच्या वर बसलेलीं माणसें, असा पांचसहा महिन्यांचा संसार रस्त्यानें डोलत जात असतो.

दोन वर्षांपूर्वीं दिवाळीच्या सुमारास एका संध्याकाळीं पाथरीच्या रस्त्यानें मी फिरावयास गेलों असतां अशीच एक ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी असलेली दिसली. चाक बसलें होतें. पुरुष त्या खटपटींत होते, आणि एक मध्यम वयाची बाई तीन दगडांवर चहाचें भांडें ठेवून बसली होती. तिच्या पायाशीं एक तांबूस रंगाचा, कान फाटलेला गांवठी कुत्रा होता. ट्रॉलींत पाय ठेवावयास जागा नव्हती. तरी पोत्यांच्या मधोमध एक गोणपाट पसरलें होतें, आणि त्यावरच्या केसांवरून तें कोणासाठीं होतें हें उघड दिसत होतें. मला नवल वाटलें व थोडें हंसूंहि आलें.

“बाई, एवढ्या अडचणींत हा कुत्रा कशाला बरोबर घेतला? घरीं कोणी नाहीं काय?” मीं विचारलें.

“हाय की, गुरुजी,” चुलींत फुंकर घालतां घालतां ती म्हणाली. बोलण्यावरून मी शाळामास्तर असावा हें तिनें ओळखलें होतें. “म्हातारी हाय, दोन लेकरं हायेत. शाळंसाठी लेकरं म्हातारीपाशी ठिवली. मुकादम बी हेच म्हनला, इथं मानसालाच जागा न्हाई, कुत्रं कशाला? म्या म्हनलं, मग माझं सरपन उतरा. सरपन तिकडं बी भेटंल.”

“पण लेकरें घरीं ठेवलींत, तर कुत्राहि त्यांच्यापाशीं राहिला असता.”

तिनें मान वर करून माझ्याकडे पाहिलें. तिच्या पाहण्यांत राग नव्हता. एवढें शिकलेल्या माणसास एवढीशी गोष्ट कां कळूं नये, असें कांहींसें होतें.

“लेकरायला सांगता येतं, गुरुजी. पाडव्याला येतो म्हनलं का ते दिस मोजीत बसतेत. ह्याला कसं सांगावं? मागल्या साली ठिवला होता, तर येशीपाशी बसून राह्यला, खाईना का पिईना. आमी मेलो असंच वाटलं आसंल त्याला.”

चाक लागलें, चहा झाला, मलाहि अर्धा कप मिळाला. तेवढ्या वेळांत तिच्या नवऱ्याकडून त्या कुत्र्याची दिनचर्या कळली. पहाटे अंधारांत उठून हीं दोघें भाकरी बांधून फडांत जातात, तेव्हां कोपीवर राखण त्याची. कोपी म्हणजे पाचटाची वा पत्र्याची टिचभर झोंपडी. तिला कडी ना कुलूप. दुपारीं ऊंसाच्या मोळ्या वाहून झाल्या कीं भाकरीचा त्याचा वांटा ठरलेला; बाई पीठ मळतांनाच दोन भाकरी त्याच्या धरते. कारखान्यावर गाड्या रिकाम्या होण्यासाठीं रात्र रात्र रांगेंत उभें राहावें लागतें, त्या थंडींत तो गाडीखालीं निजतो. फड संपला कीं बिऱ्हाड उठतें व दुसऱ्या गांवच्या शिवारांत पडतें; आणि नव्या जागीं कोपी उभी राहण्याआधींच तो चार दिशांस हिंडून येऊन आपली जागा पसंत करतो. माणसांना नवें गांव अंगवळणीं पडावयास आठ दिवस लागतात. त्याला घटकाभर पुरते.

घरीं परत येतांना त्या बाईचें एकच वाक्य माझ्या मनांत घोळत राहिलें: ह्याला कसं सांगावं?

हल्लीं चाकांवरच्या घराचें कौतुक सुशिक्षित वर्गांतहि बरेंच ऐकूं येतें. गाडींतच बिछाना, स्वयंपाकाची सोय आणि न्हाणी असावी, नोकरीची वा भाड्याच्या घराची दोरी तोडून टाकावी, शेजारच्या आसनावर आवडता कुत्रा बसवावा, आणि मन मानेल त्या रस्त्यानें जावें, हें जगणें अमेरिकेंत व युरोपांत अनेकांनीं पत्करलें आहे. आपल्या राज्य सरकारनेंहि २०२१ सालीं कॅरव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. या वृत्तीचें एक प्रसिद्ध उदाहरण म्हणजे जॉन स्टाइनबेक हा अमेरिकन कादंबरीकार. त्यानें १९६० सालीं एका ट्रकवर लहानसें घर बसवून घेतलें, त्या गाडीस डॉन किहोतेच्या घोड्याचें ‘रोसिनांते’ हें नांव दिलें, आणि चार्ली नांवाच्या आपल्या म्हाताऱ्या कुत्र्यास बरोबर घेऊन सुमारें दहा हजार मैलांचा प्रवास केला. त्यावरचें त्याचें पुस्तक १९६२ सालीं निघालें. अनोळखी मुलखांत अनोळखी माणसांशीं बोलणें सुरूं होई तें बहुधा चार्लीमुळें, आणि वाटेंत चार्ली दुखण्यास पडला तेव्हां त्याच्या उपचारांसाठीं लेखकास मुक्काम करावा लागला.

परंतु त्याच देशांत चाकांवरचें घर सर्वांनीं हौसेनें पत्करलेलें नाहीं. २००८ सालच्या आर्थिक आपत्तीनंतर ज्यांचीं घरें वा पुंजी गेली अशीं कित्येक वयस्क माणसें गाड्यांतून राहूं लागलीं व हंगामी मजुरीच्या मागें गांवोगांव हिंडूं लागलीं. जेसिका ब्रूडर या लेखिकेनें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘नोमॅडलँड’ या पुस्तकांत त्यांची हकीकत आहे. पुढें त्यावर निघालेला चित्रपटहि गाजला. हीं माणसें ज्या कामांवर जात त्यांत एक काम साखरेच्या बीटाच्या हंगामाचें होतें, हें वाचून मी चमकलों. आमच्या जिल्ह्यांतला कोयता ऊंसाकडे जातो आणि सातासमुद्रांपलीकडची म्हातारी बीटाकडे जाते. दोघांच्या घराला चाकें लावणारी एकच साखर!

तेव्हां चाकांवरच्या घरांत दोन जाती आहेत हें आधीं स्पष्ट केलें पाहिजे. एकास वाट बोलावते, दुसऱ्यास पोट ढकलतें. पहिल्यास आपण प्रवासी म्हणतों, दुसऱ्यास भटक्या; पहिल्याचीं छायाचित्रें पाहतों, दुसऱ्याची ट्रॉली पुढें जाईपर्यंत नाकाला रुमाल लावतों. एवढेंच नव्हे, तर १८७१ सालच्या इंग्रजी कायद्यानें कित्येक भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, आणि तो कायदा रद्द व्हावयास १९५२ साल उजाडावें लागलें. घर स्थिर तर नीति स्थिर, ही आपल्या गृहस्थाश्रमी मनाची पक्की समजूत आहे. जो आज येथें व उद्यां तेथें, तो कोणाचा बांधलेला असणार, असें आपण धरून चालतों. ही समजूत खरी आहे काय, हाच माझा प्रश्न. आणि त्याचा निवाडा करण्यास गाडीखालच्या कुत्र्याइतका योग्य साक्षीदार दुसरा नाहीं.

कारण कुत्रा हा घराहून जुना आहे. जर्मनींत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथें १९१४ सालीं एक प्राचीन दफन सांपडलें. सुमारें चौदा हजार वर्षांपूर्वींचें तें आहे. त्यांत एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्याबरोबर पुरलेलें सहासात महिन्यांचें कुत्र्याचें पिल्लूं होतें. त्याच्या दांतांच्या अलीकडील तपासणीवरून संशोधकांनीं असा निष्कर्ष काढला कीं तें पिल्लूं मरणापूर्वीं काहीं आठवडे कठीण दुखण्यानें पिडलेलें होतें, आणि माणसांनीं शुश्रूषा केल्यावांचून तें तितके दिवस जगतें ना. त्या काळीं शेती नव्हती, गांव नव्हतें, कणगी नव्हती. माणूस शिकारीमागें हिंडणारा होता. आजारी पिल्लूं शिकारीच्या कामाचें नसतें. तरीहि ज्यांना स्वतःचाच भार जड, अशा हिंडत्या माणसांनीं तें संभाळलें. काश्मिरांतील बुर्झाहोम येथेंहि नवाश्मयुगीन माणसांबरोबर कुत्र्यांचीं दफनें सांपडलीं आहेत. म्हणजे कुत्रा मनुष्याच्या दाराशीं आला असें जें आपण म्हणतों तें चुकीचें आहे. तो आला तेव्हां मनुष्यास दारच नव्हतें. वास्तूशीं त्याचा करार कधीं झालाच नाहीं. त्याचा करार माणसाशीं झाला, आणि तो चालत्या वाटेवर झाला.

आपल्याकडच्या धनगरांच्या वाड्यांत हा करार आजहि जसाच्या तसा पाहावयास मिळतो. धनगरांच्या बोलींत वाडा म्हणजे चिरेबंदी इमारत नव्हे, मेंढरांसह हिंडणारा तांडा. घोड्यावर बिऱ्हाड, त्या बिऱ्हाडावर बांधलेल्या कोंबड्या, चालूं न शकणारें कोकरूं, आणि बाजूनें कुत्रे. रात्रीं ज्या शेतांत खतासाठीं मेंढरें बसवावयाचीं तेथें जाळें लावून कळप कोंडतात, आणि लांडग्याच्या भयानें कुत्रे त्याभोंवतीं जागतात. त्या कुत्र्यांना कोणी ‘घर कोठें?’ असें विचारलें तर तीं मुक्यानें मेंढपाळाकडेच पाहतील. आपल्या लोकांनाहि हें कोठें तरी मनांतून ठाऊक असलें पाहिजे. नाहीं तर ज्या दत्तात्रेयाची नित्य भ्रमंती आपण मानली, ज्याचें स्नान काशीस, भिक्षा कोल्हापुरास आणि निद्रा आमच्या मराठवाड्यांतील माहुरास अशी परंपरा सांगते, त्या अनिकेत देवाच्या पायांशीं चार कुत्रे कां असावे, आणि त्यांना चार वेदांचा मान कां मिळावा?

येथें महाभारताच्या अखेरचा प्रसंग आठवल्यावांचून राहत नाहीं. राज्य, राजवाडा, नगर सर्व सोडून पांडव महाप्रस्थानास निघाले तेव्हां हस्तिनापुरापासून एक कुत्रा त्यांच्यामागें चालूं लागला. वाटेंत द्रौपदी पडली, मग एकामागून एक चारी भाऊ पडले. युधिष्ठिर आणि कुत्रा उरले. इंद्र रथ घेऊन आला, परंतु कुत्र्यास स्वर्गांत स्थान नाहीं असें म्हणाला. युधिष्ठिरानें आश्रयास आलेल्याचा त्याग करण्यास नकार दिला, हें आपणां सर्वांस पाठ आहे. परंतु इंद्राचा पुढचा प्रश्न आपण बहुधा विसरतों, आणि सगळी कसोटी त्या प्रश्नांत आहे. इंद्र विचारतो: भावांना आणि पत्नीला तूं वाटेंत सोडलेंस, मग या कुत्र्याचाच एवढा मोह कां? प्रश्न मर्मभेदक आहे. माणसें टाकून कुत्रा जवळ करणाऱ्या कोणासहि तो विचारतां येईल. युधिष्ठिराचें उत्तर असें आहे कीं तीं मरण पावलीं होतीं. त्यांना परत आणणें माझ्या हातीं नव्हतें. जिवंतपणीं मीं त्यांना सोडलें नाहीं.

या उत्तरांत दोन गोष्टींमधला भेद स्पष्ट झाला आहे. एक वियोग, दुसरा त्याग. जें आपल्या हातांतून काळानें, दारिद्र्यानें किंवा मृत्यूनें हिसकावून घेतलें, तो वियोग. जें आपल्याला जड झालें म्हणून आपणच खालीं ठेवलें, तो त्याग. दोहोंचें बाह्य रूप सारखेंच दिसतें. दोन्हींत कोणी तरी मागें राहतो. म्हणूनच आपण आपल्या त्यागांना वियोगाचें नांव देऊन मोकळे होतों. ही लबाडी मीं जवळून पाहिलेली आहे, आणि ती सांगितल्यावांचून हा लेख प्रामाणिक होणार नाहीं.

१९७१ सालीं माझ्या वडिलांची सेलूहून दुसऱ्या जिल्ह्यांत बदली झाली. तेव्हां मी नऊ वर्षांचा होतों. आमच्याकडे मोत्या नांवाचा कुत्रा होता. माझ्यापेक्षां दोन वर्षांनीं लहान. सामानासाठीं ट्रक ठरविला होता. त्यांत पाटा-वरवंटा चढला, दळणाचें जातें चढलें, एक पाय मोडलेलें मेज चढलें, आणि पावसाळ्यासाठीं फोडून ठेवलेलीं लाकडें वायां जाऊं नयेत म्हणून त्यांचीं दोन पोतींहि चढलीं. मोत्याला न्यावयाचें नाहीं असें कोणी ठरविलें नाहीं. न्यावयाचें असें कोणी म्हटलें नाहीं, इतकेंच. नवीन गांवीं भाड्याच्या दोन खोल्या, मालक कसा असेल कोण जाणे, अशीं कारणें निघालीं, आणि तीं खोटीं नव्हतीं. शेजारच्या काकूंकडे त्याला बांधून, कोंड्याचे पैसे देऊन आम्ही निघालों. आई रडली. बदलीपुढें इलाज काय, असें वडील म्हणाले. म्हणजेच आमच्या हातून झालेल्या त्यागाला त्यांनीं वियोगाचें नांव दिलें. त्या काळच्या मीटरगेज गाडीच्या खिडकींतून मीं पाहत राहिलों, पण मोत्या दिसला नाहीं. तो बांधलेला होता.

महिन्याभरानें काकूंचें पोस्टकार्ड आलें. वडिलांनीं तें मोठ्यानें वाचून दाखविलें: सर्व खुशाल आहेत, पाऊस बरा आहे, मोत्या मजेंत आहे. वडील वारल्यावर घरांतलीं जुनीं पत्रें मीं चाळलीं. तारेला टोंचून ठेवलेल्या त्या गठ्ठ्यांत तें कार्ड निघालें. त्यांत मोत्या मजेंत असल्याचें कोठेंहि नव्हतें. दावें तोडून तो आमच्या कुलूप लावलेल्या दाराशीं जाऊन बसतो, नवे भाडेकरू आले त्यांनीं हांकलला तरी पुनः येतो, अन्न घेत नाहीं, काय करावें तें कळवा, असें काकूंनीं विचारलें होतें. आम्हीं काय कळविलें असेल हें मला कळण्यास आतां मार्ग नाहीं. वडील निष्ठुर नव्हते. निष्ठुर असते तर त्यांनीं तें वाक्य वगळलें नसतें. त्यांनीं तें तारेस टोंचून जपूनहि ठेवलें नसतें.

त्या बाईनें ट्रॉलींतून सरपण उतरविलें व कुत्रा चढविला. आम्हीं कुत्रा उतरविला आणि सरपण चढविलें. त्या बाईस आपण भटकी म्हणूं आणि आम्हांस घरंदाज.

यावर कोणी असें म्हणेल कीं हें सारें कुत्र्याचें कौतुक झालें. ज्या बाईनें पोटचीं लेकरें मागें ठेवलीं तिनें कुत्रा बरोबर नेला यांत नीतीचा काय विजय? आक्षेप गंभीर आहे. ऊंसतोडीस जाणाऱ्यांच्या मुलांची परवड मीं शिक्षक म्हणून पाहिलेली आहे. बरोबर नेलें तर शाळा बुडते, मागें ठेवलें तर आईबापांची माया बुडते. सरकारनें हंगामी वसतिगृहें काढलीं तरी त्या वयाला आईची जागा वसतिगृहानें भरत नाहीं. परंतु ही निवड त्या बाईची आहे काय? लेकरें तिनें शाळेसाठीं ठेवलीं, म्हणजे त्यांच्याच हितासाठीं आपल्या काळजावर दगड ठेवला. हा वियोग आहे, आणि त्याचा दोष असेल तर ज्या व्यवस्थेंत सहा महिने गांव सोडल्यावांचून पोट भरत नाहीं त्या व्यवस्थेचा आहे. आणि आपल्या चहांत साखर असेपर्यंत तिच्यांत आपलाहि थोडा वांटा आहे.

दुसरा आक्षेप हौशी प्रवाशांस लागू पडतो. कुत्र्याचें प्रेम सोपें असतें, कारण तें वाद घालीत नाहीं, जाब विचारीत नाहीं. म्हाताऱ्या आईबापांची कटकट मागें टाकून ज्यानें गाडींत कुत्रा घेतला, त्यानें सोबत निवडली कीं आरसा? हा प्रश्न त्यानें इंद्राच्या प्रश्नाप्रमाणें स्वतःस विचारलाच पाहिजे. मागें कोण राहिलें, आणि तें कां राहिलें, याचें उत्तर ज्याच्यापाशीं नाहीं, त्याच्या शेजारच्या आसनावर बसलेला कुत्रा त्याच्या बाजूनें कांहींच सिद्ध करीत नाहीं.

परंतु ज्या बाईचें वाक्य माझ्या मनांत राहिलें, तिनें कुत्रा आणि माणूस यांत निवड केलीच नव्हती. तिनें एक वेगळाच भेद केला होता, आणि तो मला कोणत्याहि नीतिशास्त्राच्या ग्रंथांत इतका स्वच्छ आढळला नाहीं. ज्याला सांगतां येतें आणि ज्याला सांगतां येत नाहीं, असा तो भेद. ज्याला भाषा कळते त्याला आपण वचन देऊं शकतों: पाडव्याला येतों. त्या वचनाच्या आधारावर तो दिवस कंठतो. विरहांतहि त्याच्या हातीं कांहीं तरी असतें. ज्याला भाषा कळत नाहीं त्याच्यापाशीं वचन चालत नाहीं. त्याच्या लेखीं आपण असतों किंवा नसतों; मधली ‘येईन’ ही जागा त्याच्या जगांत नाहींच. अशा जीवास द्यावयास आपल्यापाशीं आपल्या सोबतीखेरीज दुसरें कांहीं नसतें.

आणि असे जीव केवळ कुत्रे नव्हत. तान्हें मूल तसेंच असतें. माझ्या आईची स्मृति अखेरच्या तीन वर्षांत गेली होती. मी भाजी आणावयास निघालों कीं ‘अर्ध्या तासांत येतों’ हें मीं दहादां सांगे, आणि दार लोटतांच तिच्या दृष्टीनें मी कायमचा गेलेला असें. तेव्हां मला तिचा राग येई; सांगून सवरून ही असें कां करते, असें वाटे. आज कळतें कीं सांगणें हें माझ्या समाधानासाठीं होतें. तिला सांगण्याचा नव्हे, असण्याचा उपयोग होता. हें त्या वेळीं मला कळलें असतें तर पुष्कळ भाजीपाला मीं दारावरच घेतला असता.

तेव्हां, स्थिर घर म्हणजे स्थिर नीति, ही समजूत मला आतां मान्य करवत नाहीं. भिंती उभ्या असतांना आम्हीं एका जीवास सोडलें, आणि जिला भिंती नाहींत तिनें जागा नसतांना जागा केली. घर ही चार भिंतींची गोष्ट खरीच आहे, ऊनपावसांत तिचें मोल मी नाकारीत नाहीं, आणि ज्यांना ती मिळत नाहीं त्यांच्या भटकंतीचे गोडवे गाणें हें पोट भरलेल्याचें पाप आहे. परंतु त्या भिंतींच्या आंत जें राहतें त्याला घरपण देणारी गोष्ट दुसरीच आहे: निघण्याच्या वेळीं सामानाचा हिशेब करतांना ज्याला बोलतां येत नाहीं त्याचें नांव कोणीं तरी उच्चारणें. आमच्या घरीं १९७१ सालीं तें कोणीं उच्चारलें नाहीं. नऊ वर्षांचा मुलगा तें उच्चारूं शकला असता.

गाडीखालच्या कुत्र्याची ती म्हण मीं आतां वापरीत नाहीं. तो तेथें चालतो तो सावलीसाठीं. त्याच्या माणसांच्या गाडीनें वाटेवर पाडलेली सावली हीच त्याची ओसरी. गाडी आपण ओढतों असें त्याला वाटत असेल असें मला दिसत नाहीं. गाडी थांबली म्हणजे तो थांबतो, आणि पुढें जाण्यापूर्वीं वर मान करून एकदां पाहून घेतो कीं सगळीं आहेत ना. गेल्या दसऱ्यानंतरहि मी पाथरीच्या रस्त्यावर दोनतीन संध्याकाळीं उभा राहिलों. ट्रॉल्या पुष्कळ गेल्या. तीं माणसें मला पुनः दिसलीं नाहींत. एका ट्रॉलीच्या पोत्यांमधून मात्र एक काळें नाक बाहेर आलेलें दिसलें, आणि त्याच्यावर कोणाचा तरी हात होता.